उंदराची वाट ओळखा, मगच सापळा मांडा



उसाच्या भावावर, तोडीच्या पाळीवर आणि काट्यावरच्या वजनावर आपण या पानांतून पुष्कळ बोलतो. बोललेच पाहिजे, तो आपला हक्क आहे. पण घामाने पिकवलेला माल घरात आल्यावर त्याला रात्रीतून पाय फुटतात, त्यावर कोणी बोलत नाही. दिवा मालवला की माळ्यावर खुडबुड सुरू होते, ढेपेच्या पोत्याला भोक पडते, दादरच्या कणगीखाली भुशाचा ढीग दिसतो. सकाळी घरधनीण कपाळाला हात लावते आणि मालक म्हणतात, "अहो, उंदीर काय आजचे आहेत? चालायचंच!"

हे चालायचंच आम्हाला मान्य नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी गत आपण आपल्या हाताने करून घेतली आहे.

हिशेब साधा आहे. अंगाने भरलेला एक उंदीर रोज वीस ग्रॅमच्या आसपास धान्य खातो, म्हणजे वर्षाला सात किलोच्या वर. मळ्यातल्या एखाद्या वस्तीवर वीस उंदीर असणे ही काही मोठी गोष्ट नाही. ते वीसजण मिळून वर्षाला जवळजवळ दीड क्विंटल धान्य फस्त करतात. जे सांडतात, मुतून-लेंडून नासवतात, ते वेगळेच. शिवाय उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून भूक नसली तरी त्याला कुरतडावेच लागते. ठिबकच्या नळ्या, मोटारीच्या पेटीतल्या वायरी, भाव येईल म्हणून खोलीत भरून ठेवलेला कापूस, बारदाना, सोसायटीची कागदपत्रे, काही काही त्याला वर्ज्य नाही. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले देते आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत पुन्हा संसाराला लागतात. व्याजावर व्याज चढते ते असे.

तोड झाली की पाहुणे घरी

आपण ऊस उत्पादक. म्हणून आपले दुखणे इतरांपेक्षा थोडे वेगळे आहे. ज्वारी-बाजरी चार महिन्यांत निघून जाते. ऊस बारा-चौदा महिने रानात उभा असतो. खाली पाचटाची गादी, वर पाल्याची सावली, बाजूला पाटाचे पाणी आणि खायला गोड कांडे. उंदराला याहून मोठा वाडा कोण बांधून देणार? आपल्या काळ्या रानात बिळे करणारी घूस बुडख्याजवळची कांडी कुरतडते. पडलेल्या उसात तर तिचे अधिकच फावते. कुरतडलेल्या जागेतून रोग शिरतो, कांडे आंबते, साखर उतरते. नुकसान सभासदाचेही आणि कारखान्याचेही.

मग तोडीची टोळी येते. दोन-चार दिवसांत वाडा जमीनदोस्त होतो. त्यातले उंदीर जातात कुठे? काही बांधात घुसतात, काही शेजारच्या गव्हा-हरभऱ्यात शिरतात आणि उरलेले वस्तीकडे वळतात. कडब्याची गंज, गोठा, घराचा पाया, सरपणाचा ढीग ही त्यांची ठरलेली ठिकाणे. दरवर्षी आपण म्हणतो, यंदा थंडीत घरात उंदीर फार झाले. ते थंडीने झालेले नसतात, शेजारचा फड तुटलेला असतो.

आमचे म्हणणे असे की, ज्या दिवशी तोडीची पाळी कळली त्याच दिवशी सापळ्याची पाळी आली असे धरावे. फड तुटण्याआधी आठवडाभर घराभोवती सापळे मांडलेले असावेत. पाहुणे येऊन स्थिरावल्यावर, बीळ धरून वेत झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

एक पिंजरा, एक भजे आणि एक रात्र

सापळा आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. घरटी एक पिंजरा असतो, गोठ्यात खुंटीला गंजत लोंबणारा. उपद्रव हाताबाहेर गेला की तो काढायचा, एक भजे अडकवायचे, खोलीच्या मधोमध ठेवायचा आणि झोपायचे. सकाळी भजे जागेवर, पिंजरा रिकामा. मग निकाल लागतो: "आताचे उंदीर हुशार झालेत, पिंजऱ्याला दाद देत नाहीत." आणि पाय वळतात विषाच्या पुडीकडे.

दोष पिंजऱ्याचा नसतो, जागेचा असतो. उंदराची नजर अधू, पण नाक, कान आणि मिशा तीक्ष्ण. तो भिंतीला अंग घासत, कडेकडेने चालतो. मोकळ्या जागेत त्याला भीती वाटते. खोलीच्या मध्यभागी ठेवलेला पिंजरा त्याच्या वाटेवर येतच नाही. दुसरे असे की मोठा उंदीर नव्या वस्तूला बुजतो. काल नव्हते ते आज दिसले की दोन-तीन दिवस त्याला वळसा घालून जातो. "पिंजरा लावलाय हे मोठ्याने बोलू नका, उंदीर ऐकतात," असे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगून ठेवले आहे. उंदराला मराठी कळत नाही, पण त्या बोलण्यातला अनुभव खरा आहे. पहिल्या रात्री तो फसत नाही.

शत्रूच्या सवयी न ओळखता केलेला उपाय कसा अंगाशी येतो, याचा एक दाखला आपल्या उसाच्याच धंद्यातला आहे. १८७२ साली वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर एका ऊसमळेवाल्याने उंदीर मारण्यासाठी आपल्या कलकत्त्याहून नऊ मुंगसे नेली. सुरुवातीला उंदीर घटले, गाजावाजा झाला, आणि १८८३ साली तिथून मुंगसे हवाई बेटांवरच्या मळ्यांत गेली. पण मुंगूस दिवसा हिंडते आणि उंदीर रात्री. मुंगसांनी पक्ष्यांची अंडी आणि कोंबड्या फस्त केल्या, उंदीर राहिलेच, वर मुंगूस हाच एक नवा उपद्रव होऊन बसला. परक्याच्या घरी आपले मुंगूस नापास झाले ते अंगात बळ नव्हते म्हणून नव्हे. दोघांची वेळ आणि वाट जुळत नव्हती.

आधी वाट शोधा

वाट शोधायला यंत्र लागत नाही. घरातल्या बाईमाणसाला विचारा. कोणत्या कोपऱ्यात लेंड्या झाडाव्या लागतात, कोणत्या फळीवर रात्री आवाज येतो, हे तिला पाठ असते. या बाबतीत ती घरातली खरी शेतकी अधिकारी.

त्यानंतर खुणा पाहाव्यात. ताजी लेंडी काळी, ओलसर आणि चकचकीत असते, जुनी करडी पडते आणि बोटाने भुगा होते. तांदळाएवढी बारीक असेल तर लहान घरउंदीर, खारकेच्या बीच्या निम्म्याएवढी जाड असेल तर मोठा उंदीर किंवा घूस. भिंतीच्या कडेला, तुळईवर, भोकाच्या तोंडाशी तेलकट काळपट पट्टा दिसला की समजावे, हा रोजचा रस्ता आहे. एवढ्यावर खात्री पटली नाही तर रात्री निजताना भिंतीकडेने रांगोळी किंवा चाळलेली राख पातळ पसरावी. सकाळी पावले आणि मधून शेपटीची रेघ उमटलेली दिसेल. घराबाहेरची बिळे संध्याकाळी ओल्या मातीने लिंपावीत. सकाळी जे बीळ उघडलेले दिसेल तेच नांदते, बाकीची ओस.

चिचुंद्री मात्र यात धरू नये. लांब सोंडेसारखे नाक असलेला तो प्राणी उंदीर नव्हेच, तो मुख्यत्वे किडे-झुरळे खातो.

सापळ्याच्या जागा

आता घराभोवती एक फेरी मारू या.

गोठा: गव्हाणीच्या मागची भिंत आणि ढेपेच्या पोत्यांची मागची बाजू ही पहिली जागा. पोती भिंतीला टेकवून ठेवू नयेत. हातभर जागा सोडली तर तिथे सापळाही बसतो आणि मांजरही फिरते.

कडब्याची गंज आणि कुट्टीची खोली: गंजीच्या बुडाशी, जिथे घराकडे जाणारी बारीक पायवाट दिसते तिथे. घूस असेल तर बिळापासून दोन हातांवर.

धान्याची खोली: कोठ्या आणि कणग्या यांच्या मागे, भिंत आणि कोठी यांच्यामधल्या बोळात. कापूस साठवला असेल तर दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, आतून.

माळा आणि धाबे: धाब्याच्या जुन्या घरात लाकडी सर भिंतीला मिळतो ती जागा, पत्र्याच्या घरात भिंतीच्या माथ्यावरची फट. वर चढणारा काळा उंदीर जमिनीवरच्या पिंजऱ्यात क्वचितच येतो. त्याच्यासाठी सापळा वरच, तुळईला दोरीने पक्का बांधून मांडावा.

स्वयंपाकघर: चुलीच्या किंवा ओट्याच्या मागे, मोरीच्या भोकाजवळ, फडताळाखाली.

बाहेर: सरपण, विटांचा ढीग, मोटारीची खोली, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या. यांतल्या उंदरांना कोणी हात लावत नाही, म्हणून घर साफ केले तरी आठवड्यात पुन्हा भरते.

मांडण्याची रीतही ठरलेली आहे. चापाचा सापळा भिंतीशी काटकोनात ठेवावा, आमिषाचे टोक भिंतीला लागलेले, म्हणजे कुठल्याही बाजूने येणारा उंदीर त्यावरून जातो. पिंजरा भिंतीला समांतर, तोंड वाटेकडे. मोठ्या उंदरासाठी चार-पाच मीटरवर एक, लहान घरउंदरासाठी दोन-तीन मीटरवर एक, कारण लहान उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही. एका सापळ्यावर भागत नाही. महिनाभर एक सापळा लावण्यापेक्षा चार रात्री दहा सापळे लावलेले केव्हाही चांगले.

पहिले तीन दिवस सापळा मांडावा, पण चाप ओढू नये. आमिष खुशाल खाऊ द्यावे. चौथ्या रात्री सगळे चाप एकदम ओढावेत. आमिष म्हणून तेल लावलेला भाकरीचा तुकडा, भाजलेला शेंगदाणा, सुकट, तळणीचा पदार्थ, जे आपल्या घरात त्याला आधीच गोड लागते ते चालते. बाकीचे अन्न मात्र झाकलेले हवे. ताटभर उघडे जेवण समोर असताना चिमूटभर आमिषाला कोण विचारतो? सापळ्याला फिनाईलचा किंवा फवारणीच्या औषधाचा वास लागू देऊ नये. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये. पिशवीत हात घालून उचलावा, दोन फूट खोल पुरावा, साबणाने हात धुवावेत.

आणखी एक, थोडे स्पष्ट बोलतो. पिंजऱ्यात जिवंत सापडलेला उंदीर नाल्यापलीकडे नेऊन सोडण्याची पद्धत काही वस्त्यांवर आहे. गणरायाचे वाहन म्हणून हात उचलत नाही, ही भावना आम्ही समजू शकतो. पद्मालयाला जाऊन हात जोडणारी आम्हीही माणसे. पण नाल्यापलीकडे दुसऱ्या सभासदाचे घर असते. आपला उंदीर त्याच्या बांधावर सोडणे ही भक्ती नव्हे. ज्यांना यातना द्यायच्या नाहीत त्यांनी चापाचा सापळा वापरावा, तो झटक्यात काम करतो. डिंकाच्या पट्टीवर तडफडत ठेवण्यापेक्षा ते बरे.

विषाची घाई नको

सापळ्याला जागा शोधावी लागते, चार दिवस धीर धरावा लागतो. विष टाकले की झाले. म्हणून घरात विष आणण्याची सवय वाढली आहे, आणि आमचा खरा विरोध तिला आहे.

झिंक फॉस्फाईड हे रानात, बिळात, जाणत्या माणसाच्या हाताने वापरायचे औषध आहे. पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. हे काळे पीठ मिठा-मसाल्याच्या फळीवर ठेवलेले असते, कधी तेच पिठाच्या गोळीत घालून चुलीमागे टाकलेले असते. रांगणारे पोर आणि उंदीर एकाच उंचीवरून फिरतात, हे विसरू नका. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाची गोष्ट तीच, यकृत नासते आणि त्यावरही उतारा नाही. धान्यात टाकायच्या गोळ्यांचा वायू तर झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. अशी गोळी झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नये. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाला उतारा आहे, पण ते खाऊन मरू घातलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला की विष त्यांच्या अंगात उतरते. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपले बिनपगारी राखणदार आहेत. धामण गाईचे दूध पिते या समजुतीने तिला ठेचणारे आपण रोजची मदत गमावून बसतो. शिवाय विष खाल्लेला उंदीर भिंतीत, धाब्यात कुठेही मरतो आणि घर आठ दिवस नांदू देत नाही.

ज्या भयाने गावे उठली

कोणी म्हणेल, उंदरासाठी एवढे पान कशाला? त्यांनी खानदेशातल्या जुन्या माणसांच्या आठवणी आठवाव्यात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत इलाख्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला, खानदेशही सुटला नाही. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हा शहाणपणा लोकांना अनुभवाने आला. १८९८ साली सिमॉन या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. उंदीर मेला की पिसू त्याला सोडते आणि माणसाकडे येते.

ही फार जुनी गोष्ट म्हणाल, तर १९९४ साल आठवा. आधी बीड जिल्ह्यात आणि लगेच सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी आली. सुरतेच्या यंत्रमागांवर आणि गिरण्यांत आपलीच खानदेशी माणसे किती! लाखो लोकांनी शहर सोडले. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावच्या वाटेने गाड्या भरभरून आल्या. मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला, पण घबराट घरोघर पोचली. म्हणून घरात विष टाकलेले नसताना उंदीर आपोआप मरून पडलेले दिसले तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

उसाशी थेट नाते असलेला रोग म्हणजे लेप्टोस्पायरा जंतूचा ताप. उंदराच्या मुताने हे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या चिरेतून अंगात शिरतात. १९३३-३४ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये, इंगहॅम भागात, ऊस तोडणाऱ्यांत या तापाची साथ आली. ऊस आधी जाळा, मगच तोडू, अशी मागणी कामगारांनी केली आणि १९३५ साली त्यासाठी संप झाले. जळीत उसाने काय नुकसान होते हे आपण जाणतो, तो मार्ग आपला नव्हे. पण कामगारांची तक्रार खोटी नव्हती. आपल्या फडाच्या कडेला कोपी घालून राहणारी तोडणी मंडळी, त्यांची पोरे जमिनीवर निजतात, भाकरीचे टोपले उघड्यावर असते. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे, पिवळेपणा दिसला तर अंगारा-धुपारा नको, दवाखाना गाठावा. वेळेवर औषध मिळाले तर रोगी बरा होतो.

एकट्याचे काम नव्हे

एका घराने उंदीर मारले आणि शेजारच्या तिघांनी नाही मारले, तर पंधरा दिवसांत रिकामी बिळे भरतात. हा कामाचा दोष नाही, एकट्याने करण्याचा दोष आहे. विना सहकार नाही उद्धार, हे आपण फलकावर लिहितो. मग ते गोठ्यातही लागू करू या.

आमच्या सूचना चारच आहेत. पहिली, शेतकी विभागाने तोडीचा कार्यक्रम वस्तीवार निदान पंधरा दिवस आधी कळवावा, आणि त्यासोबत सापळ्यांची आठवणही द्यावी. दुसरी, गट कार्यालयात चापाचे सापळे आणि पिंजरे रास्त दराने ठेवावेत, एका वस्तीला दहा-वीस सापळे फिरते द्यावेत. तिसरी, तोडणी टोळीच्या कोपीलाही झाकणाचा डबा आणि दोन सापळे मिळावेत. ती माणसे परकी नाहीत, आपला ऊस त्यांच्याच हातून गव्हाणीत पडतो. चौथी, मे-जूनमध्ये, पावसाच्या आधी, रान मोकळे आणि उंदरांची संख्या कमी असताना सगळ्या कार्यक्षेत्रात एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी. बांध बारीक ठेवावेत, बिळे बुजवावीत, घराच्या फटी मुजवाव्यात. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढे भोक पुरते, मोठ्याला अंगठा जाईल एवढे.

यात कारखान्याचा खर्च थोडा आहे आणि सभासदाचा त्याहून थोडा. लागते ती चार दिवसांची चिकाटी आणि शेजाऱ्याला हाक मारण्याची तयारी. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. या हंगामात तोडीची चिठ्ठी हातात पडेल त्या संध्याकाळी रांगोळीची चिमूट घेऊन भिंतीकडेने एक फेरी मारावी आणि शेजाऱ्यालाही बरोबर घ्यावे, एवढीच आमची विनंती.